पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आणि रुग्णाचे मन

बालीगंजच्या दोन बाजू

कोलकाता शहराच्या दक्षिण भागात बालीगंज नावाची वस्ती आहे. झाडांची सावली असलेले रस्ते, गेल्या शतकातील दुमजली घरे आणि त्यांच्या जागी एकेक करून उभ्या राहिलेल्या उंच इमारती असे तिचे आजचे रूप आहे. नोकरीतून निवृत्त झालेली, पासष्टी-सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसे येथे राहतात. सकाळी रवींद्र सरोवराभोवती फेरी, परतताना गडियाहाटच्या बाजारातून मासळी आणि भाजी, सायंकाळी समवयस्कांचा अड्डा, म्हणजे गप्पांची बैठक, असा त्यांच्यापैकी अनेकांचा दिनक्रम असतो.

बालीगंज फाडीपासून निघणारा हाजरा रोड पश्चिमेकडे जातो आणि हाजरा चौकापाशी चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाजवळ पोहोचतो. देशबंधू चित्तरंजन दास यांनी देशकार्यासाठी दिलेल्या वास्तूत १९२६ साली चित्तरंजन सेवासदन सुरू झाले आणि त्याच परिवारातून पुढे हे कर्करोग रुग्णालय निर्माण झाले. २ जानेवारी १९५० रोजी त्याचे उद्घाटन झाले, ते नोबेल पारितोषिकाच्या मानकरी इरेन जोलियो-क्यूरी यांच्या हस्ते. बालीगंजच्या पूर्वेस रेल्वेमार्ग आहे. तो ओलांडला की तिलजला भागात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय लागते. भारतीय मनोविश्लेषण संस्थेचे संस्थापक डॉ. गिरींद्रशेखर बसू यांच्या प्रयत्नाने ते १९४० साली सुरू झाले. त्यासाठी जागा दिली त्यांचे वडील बंधू राजशेखर बसू यांनी. ‘परशुराम’ या टोपणनावाने विनोदी कथा लिहिणारे बंगालीतील प्रसिद्ध लेखक ते हेच.

एका वस्तीच्या पश्चिमेस देहाच्या एका भयंकर रोगाचे रुग्णालय आणि पूर्वेस मनाच्या रोगांचे, अशी ही रचना एका दशकाच्या अवधीत झाली. दोन्ही संस्थांमधील अंतर थोड्याच किलोमीटरांचे आहे. परंतु कर्करोगाच्या रुग्णाच्या दृष्टीने हे अंतर पुष्कळ काळ फार मोठे राहिले, आणि केवळ कोलकात्यात नव्हे तर जगभर राहिले. गाठ कापणारे, किरणोपचार करणारे, औषध देणारे तज्ज्ञ एकीकडे. भीती, झोप आणि निराशा यांचा विचार करणारे दुसरीकडे. रोग्याचे शरीर आणि मन मात्र एकाच घरात राहतात, आणि एकाला आग लागली की दुसऱ्याला धग बसल्यावाचून राहत नाही.

मनाची चिकित्सा सर्वसाधारण रुग्णालयातच झाली पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३३ साली कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, गिरींद्रशेखरांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा तो भारतातील पहिला विभाग मानला जातो. पाठोपाठ १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. ही जुनी वाट कर्करोगाच्या कक्षापर्यंत नेणे हे पुढील पिढ्यांचे काम होते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात ते किती निकडीचे आहे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

ग्रंथी आणि तिचा रोग

पुरःस्थ ग्रंथी, जिला सर्वत्र प्रोस्टेट म्हणतात, ती केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून ती बसलेली असते. तारुण्यात तिचा आकार अक्रोडाएवढा असतो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. वय वाढते तशी बहुतेक पुरुषांत ती थोडीबहुत मोठी होते आणि मूत्रमार्गावर दाब आणते. रात्री अनेकदा उठावे लागणे, धार बारीक होणे, मूत्राशय पुरते रिकामे न झाल्याची जाणीव राहणे ही त्याची लक्षणे होत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण कर्करोगही याच वयात आणि याच ग्रंथीत उद्भवतो, म्हणून दोहोंमधील भेद तपासणीनेच ठरवावा लागतो. त्यासाठी बोटाने केलेली परीक्षा, रक्तातील पी.एस.ए. नावाच्या प्रथिनाचे मापन, प्रतिमाचित्रण आणि शेवटी ग्रंथीच्या सूक्ष्म तुकड्यांची तपासणी, म्हणजे बायॉप्सी, असा क्रम असतो.

जगातील पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या खालोखाल हाच कर्करोग अधिक आढळतो. २०२२ साली जगभरात त्याचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुष्कळदा तो अतिशय संथ गतीने वाढतो. ब्रिटनमध्ये झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार मिळाले आणि तिसऱ्यावर केवळ नियमित लक्ष ठेवण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण शंभरात तीनहून कमी होते.

याचा अर्थ असा की, निदान झालेल्या अनेक पुरुषांना या रोगासह दहा, पंधरा, वीस वर्षे जगावयाचे असते. आपल्याकडे रोग उशिरा, हाडांपर्यंत पसरल्यावर लक्षात येण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. तेथेही उपचारांनी वर्षांचे आयुष्य लाभू शकते. ही वर्षे कशी जातात, हा प्रश्न किती वर्षे मिळतात याइतकाच महत्त्वाचा आहे.

१९४१ सालातील दोन घटना

कोलकात्याच्या इतिहासात पुरःस्थ ग्रंथीच्या विकाराचा एक प्रसंग सर्वांना परिचित आहे. सप्टेंबर १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर कालिंपाँग येथे एकाएकी गंभीर आजारी पडले. ग्रंथी वाढून मूत्राचा मार्ग अडला होता आणि त्याचे विष शरीरात भिनू लागले होते. पुढील महिन्यांत प्रकृती कधी सुधारे, कधी ढासळे. शस्त्रक्रिया करावी की नाही याविषयी वैद्यांत एकमत नव्हते. डॉ. बिधानचंद्र राय शस्त्रक्रियेच्या बाजूचे होते. कवीचे जुने स्नेही डॉ. नीलरतन सरकार तिच्या विरुद्ध होते. स्वतः कवी मनापासून राजी नव्हते. २५ जुलै १९४१ रोजी त्यांना शांतिनिकेतनहून जोडासांको येथील वडिलोपार्जित घरी आणण्यात आले आणि ३० जुलैस डॉ. ललितमोहन बंद्योपाध्याय यांनी तेथेच शस्त्रक्रिया केली. तिचा दिवस त्यांना आगाऊ सांगण्यात आला नव्हता. त्या दिवशी सकाळी त्यांनी आपली अखेरची कविता सांगून लिहून घेतली होती. ७ ऑगस्ट रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे २२ श्रावणास, त्यांचे निधन झाले.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. रुग्णाला काळजी नको, त्याचे मन हलके राहावे, अशीच सर्वांची इच्छा होती. तरीही शब्दांवर असामान्य प्रभुत्व असलेल्या आणि मृत्यूविषयी आयुष्यभर चिंतन केलेल्या पुरुषाच्या शरीरासंबंधीचा निर्णय त्याच्या खोलीबाहेर, दबक्या आवाजात झाला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आजारपणाच्या त्या वर्षात ‘रोगशय्याय’ आणि ‘आरोग्य’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध झाले. वेदना, अंधार आणि सेवा करणाऱ्या हातांविषयीची कृतज्ञता त्यांना शब्दांत मांडता आली. ज्यांना हे साधत नाही अशा लाखो सामान्य पुरुषांचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

त्याच १९४१ साली अमेरिकेत शिकागो येथे चार्ल्स हगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. ते संप्रेरक निर्माण करणारे वृषण काढून टाकले तर पसरलेला रोगही मागे हटतो आणि हाडांच्या वेदना कमी होतात, असे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० नंतरच्या काळात तोच परिणाम घडविणारी इंजेक्शने निघाली. तरीही एकदाच होणारी आणि कमी खर्चाची म्हणून वृषण काढण्याची शस्त्रक्रिया आपल्या देशात अजूनही अनेकजण स्वीकारतात. या उपचाराने असंख्य पुरुषांचे आयुष्य वाढविले आहे. पण आपल्या पुरुषपणाची कल्पना ज्या अवयवांशी निगडित आहे, त्यांवरच तो घाव घालतो. या घावाची शुश्रूषा शल्यचिकित्सेच्या कक्षेत बसत नाही.

निदानानंतरचे दिवस

उदाहरणादाखल बालीगंजमध्ये राहणारा एक गृहस्थ कल्पावा. वय अडुसष्ट, बँकेतील अधिकारपदावरून निवृत्त, पत्नी घरी आणि मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. रात्री चार वेळा उठावे लागते, हे वयाचे लक्षण समजून त्याने वर्षभर अंगावर काढले. अखेर तपासण्या झाल्या. अहवाल येताच धावत आलेल्या मुलाने दाराबाहेर डॉक्टरांना गाठून सांगितले, “बाबांना एवढ्यात काही कळू देऊ नका.” बाबांनी तो कागद आदल्या रात्रीच वाचला होता. पण मुलाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनीही काही माहीत नसल्याचेच दाखविले. पत्नीला दोघांच्याही चेहऱ्यावरून सारे उमगले होते. अशा रीतीने एकाच घरातील तीन माणसे एकच गोष्ट जाणून होती आणि तिघेही एकमेकांपासून ती लपवीत होते.

पुढील दोन महिन्यांत गृहस्थाने सरोवराची फेरी बंद केली. कारण विचारले तर गुडघे दुखतात असे तो सांगे. खरे कारण हे की, वाटेत लघवीची सोय कोठे आहे याचा हिशेब करून तो थकला होता. अड्ड्यावर जाणेही सुटले. चहा निवला म्हणून तो पत्नीवर ओरडला. असे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. रात्री दोन वाजता जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे. आपले काही चुकले काय, असे पत्नीला वाटू लागले. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण त्या घरात अक्षरशः खरी होत होती.

यातील एकही गोष्ट विरळा नाही. २०१४ साली इंग्लंडमधील संशोधकांनी २७ अभ्यासांतील सुमारे साडेचार हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. उपचार सुरू होण्यापूर्वी शंभरातील सुमारे सत्तावीस पुरुषांत लक्षणीय चिंता आणि सुमारे सतरा पुरुषांत विषण्णता आढळली. उपचार चालू असताना चिंता पुष्कळ कमी झाली. पण उपचार संपल्यावर दोहोंचे प्रमाण शंभरात अठराच्या आसपास होते. उपचार संपला म्हणजे मनाचाही प्रश्न सुटला, हा समज यावरून चुकीचा ठरतो. रुग्णालयातील धावपळ ओसरल्यावर रिकाम्या दुपारी निराशा डोके वर काढते.

स्वीडनमधील एक अभ्यास याहून गंभीर इशारा देतो. १९६१ ते २००४ या काळात तेथे या कर्करोगाचे निदान झालेल्या पुरुषांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका इतर पुरुषांच्या तुलनेत सुमारे आठपट होता. पुढे तो उतरत गेला. प्रत्यक्षात असे करणाऱ्यांची संख्या थोडी आहे. बहुसंख्य पुरुष हा धक्का पचवितात. परंतु रोगाने एकही पेशी अधिक वाढण्याच्या आत, केवळ बातमीच्या भाराने माणूस कोसळू शकतो, ही गोष्ट बातमी देणाऱ्याने विसरता कामा नये. निदान सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग होय.

उपचारांचा मनावर होणारा परिणाम

शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यावर काही काळ, आणि काहींना कायमचा, लघवीवरील ताबा सुटतो. खोकताना, हसताना, जिना चढताना कपडे ओले होतात. किरणोपचारानंतर लघवीची आणि शौचाची घाई होऊ शकते. दोन्ही उपचारांनंतर लैंगिक क्षमता कमी होण्याचा किंवा जाण्याचा संभव असतो. संप्रेरक-उपचारांत कामेच्छा मावळते, अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उठून घाम फुटतो, थकवा येतो, वजन वाढते, स्नायू सैल पडतात, कधी छाती भरते. याखेरीज या उपचाराचा विषण्णतेशी संबंध असल्याचे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे.

हे रुग्णाला आधी सांगितलेले नसेल तर तो प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःकडे घेतो. डोळ्यांत उगाच पाणी येते म्हणून तो स्वतःला दुबळा समजतो. औषधाने रक्तातील संप्रेरक उतरल्यामुळे हे घडत आहे, एवढे एक वाक्य वेळेवर कानी पडले तर लाजेचा बराच भार हलका होतो.

लगेच उपचार न करता केवळ लक्ष ठेवण्याचा मार्ग ज्यांना सुचविला जातो, त्यांचा प्रश्न निराळा असतो. शरीरात कर्करोग आहे आणि काही करावयाचे नाही, ही गोष्ट मनाला पटणे कठीण जाते. पी.एस.ए. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते आणि आकडा कळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. तरीही उल्लेखनीय गोष्ट अशी की, वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात तिन्ही गटांतील चिंतेच्या आणि विषण्णतेच्या प्रमाणात मोठा फरक आढळला नाही. वाट पाहणे पुरुषांना झेपत नाही असे नव्हे. ते कशासाठी आहे हे समजले आणि नियमित भेट ठरलेली असली तर ते झेपते.

मनाचे दुखणे ओळखावे कसे

विषण्णतेची नेहमीची लक्षणे म्हणजे थकवा, भूक मंदावणे, वजन घटणे, झोप न येणे. पण ही सारी कर्करोगाने किंवा त्याच्या उपचारांनीही होऊ शकतात. म्हणून केवळ शरीराच्या लक्षणांवरून अनुमान काढणे धोक्याचे ठरते. ही अडचण ओळखून १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ यांनी चौदा प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. तिच्यात शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळून मनाच्या अवस्थेवर भर दिला आहे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून आजही आनंद मिळतो का? एखादी मजेदार गोष्ट ऐकून हसू येते का? अशा तऱ्हेचे प्रश्न त्यात आहेत.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ‘मला उदास वाटते’ हे शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नाहीत. लहानपणापासून ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे ऐकलेला पुरुष दुःख रागाच्या रूपाने दाखवितो, मद्याच्या आहारी जातो, किंवा मुका होतो. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात १९७७ साली डॉ. जिमी हॉलंड यांनी कर्करुग्णांच्या मनोचिकित्सेचा स्वतंत्र विभाग उभारला आणि मनो-कर्करोगशास्त्र या शाखेचा पाया घातला. तेथील वैद्यांनाही हाच अनुभव आला. तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती योजली. कागदावर तापमापकाचे चित्र काढले, तळाशी शून्य आणि माथ्याशी दहा. गेल्या आठवड्यात आपल्याला किती त्रास झाला, त्या आकड्यावर खूण करावी, एवढेच रुग्णाला सांगावयाचे. मनोविकार, विषण्णता असे शब्द त्यात नाहीत. हा ‘त्रासमापक’ १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झाला, आणि ज्या रुग्णांसाठी तो सर्वप्रथम वापरला गेला ते पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचेच रुग्ण होते. पुढे तो सर्व प्रकारच्या कर्करोगांत आणि अनेक देशांत रूढ झाला. खूण चार किंवा त्याहून वर असेल तर अधिक चौकशी करावी, असा आजचा संकेत आहे. सोबतच्या यादीत पैशाची चिंता, घरातील प्रश्न, भीती, झोप, लघवी इत्यादी अडचणींपुढे खूण करता येते.

वर कल्पिलेल्या गृहस्थाच्या हाती असा कागद दिला असता तर त्याने कदाचित सातावर खूण केली असती. आणि यादीत मृत्यूच्या भीतीऐवजी त्याने लघवीपुढे आणि पत्नीशी असलेल्या संबंधापुढे खूण केली असती. या दोन्ही गोष्टींवर उपाय करता येतात. विचारल्याशिवाय मात्र त्या कोणालाच कळल्या नसत्या.

शुश्रूषेचे मार्ग

पहिला मार्ग नीट सांगण्याचा. निदान सांगताना डॉक्टरांनी बसून, निवांतपणे बोलावे. रुग्णाला आधीपासून काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे प्रथम विचारावे. मग सोप्या शब्दांत, थांबत थांबत सांगावे. मुलगा दाराबाहेर ‘सांगू नका’ म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. त्याची भीती समजून घ्यावी आणि ‘बाबांनीच विचारले तर मी खोटे बोलणार नाही’ असे सौम्यपणे स्पष्ट करावे. पहिल्या भेटीत सांगितलेले बरेचसे रुग्णाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत दुसरी भेट ठरवावी. पहिल्या आठवड्याचा धोका लक्षात घेता ही दुसरी भेट म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे.

दुसरा मार्ग देहाच्या लहान त्रासांवर उपाय करण्याचा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम शिकविला तर लघवीवरील ताबा परत मिळण्यास मदत होते. नियमित चालणे आणि स्नायूंचा व्यायाम यांनी संप्रेरक-उपचारांतील थकवा कमी होतो आणि मनही उल्हसित राहते. लैंगिक अडचणींवरही औषधे आणि साधने आहेत. मात्र त्याविषयीचे बोलणे पती-पत्नी दोघांसमोर, संकोच न ठेवता व्हावे. स्पर्श, सहवास आणि जिव्हाळा हे संप्रेरकावर अवलंबून नसतात, हे अनेक जोडप्यांना कोणीतरी बोलून दाखवावे लागते.

तिसरा मार्ग समुपदेशनाचा. मनात वारंवार येणारे विचार तपासून पाहण्याची आणि मोडलेला दिनक्रम पायरीपायरीने पुन्हा उभा करण्याची पद्धत, जिला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात, ती येथे उपयोगी पडते. याच रोगातून गेलेल्या पुरुषांची भेट कधी कधी तज्ज्ञाच्या तासाभराच्या बोलण्याहून अधिक धीर देते. जी गोष्ट मुलासमोर उच्चारता येत नाही, ती समदुःखी माणसासमोर सहज निघते, आणि एकदा निघाली की तिच्यावर हसणेही जमते.

चौथा मार्ग औषधांचा. विषण्णता खोल असेल, दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर मनोविकारतज्ज्ञ औषध सुचवितात. त्याने माणूस वेडा ठरत नाही. त्यांतील काही औषधांनी उष्णतेच्या लाटांचा त्रासही कमी होतो. चालू असलेल्या कर्करोगाच्या औषधांशी त्यांचा मेळ आहे की नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी परस्परांशी बोलून ठरवावे लागते. येथेच दोन रुग्णालयांमधील अंतर नाहीसे होणे अगत्याचे असते. २०११ साली कोलकात्याच्या राजारहाट भागात सुरू झालेल्या टाटा मेडिकल सेंटरमध्ये मनो-कर्करोगशास्त्राचे तज्ज्ञ कर्करोगतज्ज्ञांच्या सोबतीने काम करतात. अशी सोय प्रत्येक ठिकाणी नसली तरी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देणे कोणत्याही डॉक्टरला शक्य आहे.

जगणे नकोसे झाल्याचे बोलणे रुग्णाच्या तोंडून निघाले तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. तसे विचार मनात येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने विचार बळावतो ही समजूत निराधार आहे. उलट विचारले की माणसाला मोकळे वाटते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मदत मिळते; मराठी व बंगाली भाषांतूनही बोलता येते. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे.

घरातील माणसांचा वाटा

रुग्णाची सर्वाधिक सेवा बहुधा पत्नी करते, आणि तिची विचारपूस सर्वात कमी होते. औषधांच्या वेळा, ओले कपडे, रात्रीची जागरणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची सरबराई हे सारे तिच्या वाट्याला येते. नवऱ्याचा अबोला आपल्यावरील रागामुळे नसून आजारामुळे आहे, हे तिलाही सांगावे लागते. तपासणीच्या वेळी तिला बाहेरच्या बाकावर बसविण्याऐवजी आत बोलवावे आणि ‘आपली झोप होते का?’ असा एक प्रश्न तिलाही विचारावा.

नातेवाइकांनी ‘सगळे ठीक होईल, तुम्ही चिंता करू नका’ असे वारंवार म्हणू नये. त्यामुळे रुग्णाच्या बोलण्याचे दार बंद होते. त्याऐवजी शेजारी बसावे, ‘आज कसे वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्याला घरातील निर्णयांतून वगळू नये. बाजारहाट, हिशेब, नातवाचा अभ्यास यांपैकी जे झेपेल ते काम त्याच्याकडेच राहू द्यावे. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव कोणत्याही गोळीपेक्षा कमी गुणकारी नाही.

कल्पिलेल्या त्या गृहस्थाची हकीकत एका साध्या प्रश्नाने बदलू शकते. तपासणीच्या दिवशी डॉक्टर आकड्यांचा कागद बाजूला ठेवून विचारतात, “सकाळी फिरायला जाता की नाही?” गृहस्थ प्रथम गुडघ्यांचे सांगतो, मग क्षणभर थांबून खरे कारण सांगतो. पत्नी ते प्रथमच ऐकते. व्यायाम शिकविला जातो, समुपदेशकाची वेळ ठरते, औषधाने मन का भरून येते ते समजते. महिनाभराने दोघे सरोवरावर जातात. पूर्ण फेरी होत नाही. अर्ध्यावर बाकावर बसून ती परततात. रोग शरीरात आहे तसाच आहे, पण घरात त्याविषयी आता कोणी दबक्या आवाजात बोलत नाही.